पहिला मॉडेल रेल्वे लेआउट: आठ बाय चारवर घाट, बोगदा, स्टेशन सगळं बसेल का?

नवाप्रवासी

नमस्कार मंडळी. घरात एचओचा (१:८७ मापाचा) एक स्टार्टर सेट आलाय, त्यात गोल ट्रॅक, एक छोटं डिझेल इंजिन, तीन वाघिणी (मालगाडीचे डबे) आणि फिरवायच्या बटणाचा साधा कंट्रोलर. जमिनीवर मांडून खूप फिरवली आणि आता कायमचा लेआउट बांधायचा हे डोक्यातून जातच नाहीये.

जागा अशी आहे की एका भिंतीला लागून ३ मीटर सलग मोकळं आहे आणि भिंतीपासून पुढे जास्तीत जास्त सव्वा मीटर येता येईल. म्हणजे आठ बाय चार फुटाचा प्लायवूडचा अख्खा तक्ता (२४४ बाय १२२ सें.मी.) बसतो, फक्त मागची बाजू भिंतीला चिकटणार. मनात आहे ते असं: दुहेरी लाइन, त्यातली एक डोंगर चढून दुसरीच्या वरून पुलाने जाणार, एक बोगदा, चार फलाटांचं स्टेशन, मालधक्का, इंजिन शेड. सॉफ्टवेअरमध्ये काढून बघितलं तर सगळं बसतंय असं दिसतंय. पुढेमागे लांब पॅसेंजर डबे पण घ्यायचेत.

तर विचारायचं होतं की हा प्लॅन पहिल्या लेआउटला ठीक आहे का, एचओच ठेवू की त्याहून लहान एन स्केलला जाऊ, आणि कंट्रोल साधा (डीसी) की डिजिटल (डीसीसी)? लाकूडकाम थोडंफार जमतं, सोल्डरिंग कधी हातात धरलेलं नाही.

सांधेवाला

स्वागत आहे दादा. उत्साह बघून खरंच बरं वाटलं, आणि म्हणूनच प्लायवूड कापायच्या आधी थोडं गणित करून घेऊ, कारण सॉफ्टवेअर वरून बघितलेला नकाशा दाखवतं, चढ किती होतोय ते आपण उंच्या भरल्याशिवाय सांगत नाही.

पुलाचं बघा. एचओमध्ये खालच्या रुळाच्या माथ्यापासून वरच्या रुळाच्या माथ्यापर्यंत साधारण ८ सें.मी. तरी लागतात, त्यात गाडीची उंची, पुलाची जाडी आणि ट्रॅक आला. आरामात चढेल असा चढ म्हणजे २ टक्के, म्हणजे १०० सें.मी. पुढे गेल्यावर २ सें.मी. वर. मग ८ सें.मी. चढायला ४०० सें.मी. लागणार आणि उतरायला परत ४००. शिवाय सपाटीवरून चढाला लागताना आणि माथ्यावर चढ एकदम मोडून चालत नाही, तिथे हळूहळू बदल द्यावा लागतो, नाही तर कपलिंग (डबे जोडणारे आकडे) सुटतात किंवा इंजिनाची मधली चाकं अधांतरी राहतात, त्यालाही दोन्हीकडे जागा जाते. आता तुमच्या तक्त्यावर ४५ सें.मी. त्रिज्येचा लंबगोल काढला तर दोन्ही वळणं मिळून २८३ सें.मी. आणि दोन्ही सरळ बाजू मिळून सुमारे २९० सें.मी., म्हणजे अख्खी फेरीच पावणेसहा मीटरची. लागतात आठ मीटर आणि आहेत पावणेसहा, आणि त्यातच स्टेशन सपाटीवर ठेवायचंय. ४ टक्के चढ दिला तर कागदावर बसतं, पण वळणावरचा चढ इंजिनाला सरळ चढापेक्षा जड जातो आणि छोटं इंजिन तीन-चार डब्यांतच चाकं घासत उभं राहतं.

दुसरी गोष्ट हाताची पोच. मागची बाजू भिंतीला असेल तर माणसाचा हात ६० ते ७५ सें.मी.च्या पुढे नीट काम करत नाही, म्हणजे पोचेल कसाबसा पण तिथे घसरलेली वाघीण रुळावर ठेवणं किंवा सांध्याची (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या भागाची) वायर जोडणं जमणार नाही. आणि गाडी घसरते ती हमखास मागच्या कोपऱ्यात, बोगद्याच्या आत. १२२ सें.मी. खोल बोर्ड हवाच असेल तर खाली चाकं लावा, ओढून भिंतीपासून बाजूला घेता आला पाहिजे.

आणि लांब डबे. पूर्ण मापाचा पॅसेंजर डबा एचओमध्ये सुमारे ३० सें.मी. भरतो. जुना आडाखा असा की वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब गाडीच्या निदान अडीच-तीन पट हवी, अडीच पटीला भरवशाने चालते, तीन पटीला बघायला बरी दिसते. म्हणजे ७५ ते ९० सें.मी. त्रिज्या, आणि १२२ रुंदीच्या बोर्डावर कडेला ५ सें.मी. सोडून तुम्हाला मिळते ५६. कंपन्या ३६ सें.मी. त्रिज्येच्या वळणावर चालणारे डबे विकतात हे खरं, पण तिथे डब्याचं टोक वळणाबाहेर इतकं येतं की दोन डब्यांत मोठी फट दिसते आणि शेजारच्या लाइनवरची गाडी घासते. दुहेरी लाइनला तर हे आधी तपासा. छोटी इंजिनं आणि छोट्या वाघिणी घेतल्या तर हाच बोर्ड एकदम मोठा वाटायला लागतो.

छोटीलाईन

सांधेवाला बरोबर बोलले, मी थोडं वेगळ्या बाजूने सांगते. आधी ठरवा की तुम्हाला गाडीचं काय करायला आवडतं. गाडी गोल फिरत राहावी आणि आपण बघत बसावं, की वाघिणी एकेक करून लावायच्या काढायच्या, शंटिंग करायचं? या एका उत्तरावरून बोर्डाचा आकार ठरतो, स्केल ठरतं, सगळंच ठरतं. स्टेशन, शेड, मालधक्का, पूल अशी यादी करून ती कोंबायला बसलं की सगळीकडे रूळच रूळ होतात आणि रेल्वे कुठून कुठे चाललीय तेच कळत नाही.

मला विचाराल तर भिंतीलगतची ३ मीटर जागा आणि फक्त ४०-४५ सें.मी. खोली, एवढ्यात पहिला लेआउट फार सुंदर होतो. इंगलनुक साइडिंग्ज हा प्रकार शोधून बघा, अॅलन राइट नावाच्या ब्रिटिश मॉडेलरचं काम आहे. दोन सांधे, तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे, पुढे बंद असलेले बाजूचे रूळ). एका सायडिंगमध्ये ५ वाघिणी मावतात, बाकी दोनात ३-३, आणि पुढे इंजिन अधिक ३ वाघिणी मावतील एवढाच तुकडा. एकूण ८ वाघिणी, त्यातल्या ५ चिठ्ठ्या काढून ठरवायच्या आणि त्याच क्रमाने लांब सायडिंगमध्ये उभ्या करायच्या. ऐकायला सोपं वाटतं पण ८ मधून ५ वाघिणींचे क्रम ६७२० होतात, त्यामुळे डाव सहसा परत तसाच येत नाही आणि डोकं चांगलंच चालवावं लागतं. १२ सें.मी.च्या वाघिणी धरल्या तर ५ वाघिणींचे ६० सें.मी., दोन सांध्यांचे साधारण ४०, पुढच्या तुकड्याचे ५० च्या आसपास, म्हणजे दीड मीटरात बसतं. तुमच्या भिंतीवर ते बसून वर निम्मी जागा उरते, तिथे फलाट करा, छोटंसं शेड करा.

आणि यात सगळं शिकून होतं. बोर्ड, रूळ टाकणं, सांधे, वायरिंग, खडी, इमारती, झाडं, सगळं थोडं थोडं, आणि पूर्ण होतं. पूर्ण झालेला छोटा लेआउट हातात असला की पुढचा मोठा कसा हवा ते आपोआप कळायला लागतं. फक्त एक पथ्य पाळा, सायडिंगची लांबी मोजताना सांध्याच्या पलीकडे जिथे दोन्ही रुळांवरच्या वाघिणी एकमेकींना घासत नाहीत तिथून मोजायला सुरुवात करायची, सांध्याच्या टोकापासून नाही.

अखंडफेरी

ताईंशी थोडा असहमत. शंटिंग मस्तच आहे पण नवीन माणसाला गाडी धावताना बघायची असते, आणि शेल्फवर ती पुढे जाऊन थांबते, परत मागे येते. ज्याला धावती गाडी आवडते त्याने पहिल्या दिवसापासून फेरी पूर्ण होईल असाच प्लॅन करावा असं माझं ठाम मत आहे. इंजिन नवीन असताना दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास सावकाश फिरवून मोकळं करतात, तेसुद्धा फेरीवर सोपं जातं.

आता एनबद्दल. एचओ म्हणजे १:८७ आणि रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी. एन म्हणजे १:१६० आणि ९ मि.मी. तर लांबी जवळपास निम्मी होते आणि तोच प्लॅन एचओच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोड्या कमी जागेत बसतो. एनमध्ये २८ सें.मी. त्रिज्येचं वळण मिळतं, म्हणजे ५६ चं वर्तुळ आणि कडेला थोडी जागा सोडून ६५-७० सें.मी. खोलीत पूर्ण फेरी होते, तीसुद्धा हाताच्या पोचेत. ३ मीटर बाय ७० सें.मी. एनमध्ये म्हणजे लांब मालगाडी, दुहेरी लाइन, मागच्या बाजूला देखाव्याआड लपवलेली तीन-चार सायडिंग जिथे गाड्या उभ्या राहतात आणि एकेक करून पुढे येतात. बघणाऱ्याला वाटतं गाडी खरंच लांबून आली.

दुसरी बाजू पण सांगतो. एनची वाघीण रुळावर ठेवायला बोटं स्थिर हवीत, चष्मा लागतो, रुळावरची धूळ जास्त नडते कारण इंजिन हलकं असतं, आणि कपलिंग हाताने सोडवणं किचकट. लहान मुलं हात लावणार असतील तर एचओ. आणि खरेदी करताना एक ध्यानात ठेवा, ओओ म्हणून जे मिळतं ते १:७६ असतं पण चालतं एचओच्याच १६.५ मि.मी.च्या रुळावर, त्यामुळे दोन्ही एकाच ट्रॅकवर धावतात पण शेजारी शेजारी उभे केले की डब्यांच्या मापातला फरक लगेच दिसतो.

नवाप्रवासी

केवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. चढाचं गणित घरी पट्टी घेऊन परत केलं, बरोबर तेच आकडे आले, त्यामुळे पूल तूर्तास बाजूला. घरात मुलं आहेत आणि तीही हात लावणार, म्हणून एचओ पक्कं.

आता असा विचार आहे की ३ मीटर बाय ४५ सें.मी.चा शेल्फ करायचा, दीड दीड मीटरच्या दोन बोर्डांचा, त्यावर इंगलनुक आणि एक फलाट, आणि एका टोकाला मुख्य लाइन बोर्डाच्या कडेपर्यंत नेऊन सोडायची म्हणजे पुढे कधी वळणाचे बोर्ड जोडून फेरी करता येईल. हे जमेल ना? आणि वायरिंग कोणी समजावून सांगेल का, तिथे माझी पाटी कोरी आहे. सेटमध्ये तर दोनच वायरी होत्या आणि गाडी चालत होती.

ओहम

जमेल, आणि चांगला प्लॅन आहे.

वायरिंगला घाबरू नका. डीसीमध्ये कंट्रोलर रुळांना ० ते १२ व्होल्ट देतो, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की दिशा उलटते. म्हणजे आज्ञा रुळाला मिळते, इंजिनाला नाही, त्यामुळे एका तुकड्यावरची सगळी इंजिनं एकदम हलतात. दोन इंजिनं वेगळी चालवायची तर रूळ इन्शुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारे पण वीज न जाऊ देणारे तुकडे) टाकून तोडायचे आणि प्रत्येक तुकड्याला बटण द्यायचं. डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, त्यातूनच डिजिटल संदेश जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा संदेश तेवढा उचलतो. नवीन डिकोडरचा नंबर बहुतेक वेळा ३ असतो, तो बदलून घ्यायचा. एका इंजिनाच्या इंगलनुकला डीसी भरपूर झालं, आहे तोच कंट्रोलर वापरा. पण वायरिंग असं करा की उद्या डीसीसी लावायचं झालं तर दोन वायरी काढून दोन लावल्या की काम झालं.

ते असं. बोर्डाखालून दोन जाड वायरी लांबीभर न्यायच्या, लाल आणि काळी, १.५ चौ.मि.मी. पुरे. ही बस. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून एकेक बारीक वायर बोर्डाला भोक पाडून खाली बसला जोडायची, हे फीडर. मागचा रूळ लाल, पुढचा काळा, आणि हे कधीही बदलायचं नाही. सेटमध्ये दोन वायरींवर चाललं कारण फेरी छोटी होती आणि जॉइनर नवे कोरे होते. जॉइनरचं मुख्य काम रूळ सरळ रेषेत धरणं, वीज त्यातून जाते पण रंग, गोंद, धूळ बसली की जाईनाशी होते आणि मग गाडी एका ठराविक जागी अडखळते. दोन बोर्ड जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंना स्वतंत्र फीडर हवेच, आणि बसला तिथे प्लग.

सोल्डरिंगची युक्ती एवढीच की जोडायच्या दोन्ही गोष्टींवर आधी वेगवेगळा पातळ थर चढवायचा. रुळाच्या बाहेरच्या बाजूला जागा कानशीने चकचकीत करा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा, सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक रुळाला टेकवा आणि सोल्डर टोकाला न लावता रुळाला लावा, रूळ तापला की ते स्वतःच वितळून पसरतं. वायरीचंही तसंच. मग दोन्ही एकत्र धरून क्षणभर टोक टेकवलं की जोड पक्का. टोक फार वेळ धरलं की प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा. फ्लक्स रोझिनचा घ्या, आम्लाचा वायरिंगला नको, जोड आतून गंजतो. आधी टाकाऊ ट्रॅकच्या तुकड्यावर हात बसवा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

सांधे घेताना मधला त्रिकोणी भाग, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो प्लास्टिकचा आहे की धातूचा ते बघा. प्लास्टिकचा असेल तर वायरिंग सोपं, पण तुमचं इंजिन छोटं म्हणताय, चार चाकांचं असेल तर सावकाश जाताना नेमकं त्या मृत तुकड्यावर थांबेल, आणि शंटिंग सगळं सावकाशच असतं. धातूच्या फ्रॉगला सांधा ज्या बाजूला असेल तशी वीज बदलून द्यावी लागते, त्यासाठी एक छोटा स्विच लागतो, आणि फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना इन्शुलेटेड जॉइनर लावायचे, नाही तर पलीकडच्या फीडरशी शॉर्ट. थोडं काम वाढतं पण शंटिंगच्या लेआउटला मी धातूचाच सांगेन.

पुढे फेरीचे बोर्ड जोडताना रूळ वळून स्वतःलाच परत मिळतात असा फास केलात तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. तेवढा तुकडा दोन्ही टोकांना तोडून वेगळा ठेवावा लागतो. साध्या लंबगोलाला हा प्रश्न येत नाही.

प्रत्येक फीडर जोडला की मल्टिमीटरने लाल-काळ्यात शॉर्ट नाही ना ते लगेच बघा. सगळं जोडून झाल्यावर शॉर्ट शोधायचा म्हणजे दिवस जातो.

सांधेवाला

ओहमचं वाक्य न् वाक्य पटलं. बोर्डाबद्दल मी सांगतो. वर ९ मि.मी.चा प्लायवूड, खाली उभ्या पट्ट्यांची चौकट आणि दर ३०-४० सें.मी.वर आडवी पट्टी. सांध्याच्या बरोबर खाली आडवी पट्टी येणार नाही असं आधीच बघा, तिथे सांधा हलवायला मोटर किंवा सळई लागते. लाकडाला सगळ्या बाजूंनी रंगाचा किंवा सीलरचा हात द्या, तापमानापेक्षा दमट हवेने लाकूड जास्त हलतं आणि मग रूळ वाकतात. एमडीएफ स्वस्त आणि सपाट पण वजनाला जड आणि ओल लागली की फुगतो. डोंगराला थर्माकोल वापरलात तर पीव्हीसीच्या वायरी त्याला चिकटून नेऊ नका, वायरीचं आवरण मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर थर्माकोलमध्ये शोषला जातो आणि आवरण कडक होऊन तडकतं.

रूळ टाकायच्या आधी प्लॅन कागदावर पूर्ण मापात काढा, सांध्यांचे छापील नमुने कंपन्या देतात ते कापून बोर्डावर मांडा, वर खऱ्या वाघिणी उभ्या करून बघा. फलाटाची कड इथेच ठरवा. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत न्या आणि वळणावर तो किती बाहेर येतो त्यावर पेन्सिलने रेघ मारा.

रूळ कॉर्कच्या ३ मि.मी. पट्टीवर टाका. जॉइनरपाशी जाड कागद जाईल एवढी फट ठेवा, एक मीटर रूळ २० अंश तापला तर सुमारे तिसरा हिस्सा मि.मी. वाढतो. एका वळणानंतर लगेच उलटं वळण द्यायचं झालं तर मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा. खिळे ठोकताना स्लीपर दाबला जाऊ देऊ नका, मधोमध दाबला की रूळ आत ओढले जातात आणि गेज (रुळांमधलं अंतर) कमी होतं. मग सगळ्या वाघिणी घेऊन इंजिनाने मागे ढकलत, अगदी सावकाश, प्रत्येक सांध्यावरून दोन्ही वाटांनी न्या. पुढे ओढताना चालून जाणारे दोष ढकलताना उघडे पडतात. एकच वाघीण सगळीकडे घसरत असेल तर रुळाला हात लावू नका, तिच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, एचओत साधारण १४.४ मि.मी. हवं. सगळ्या वाघिणी एकाच जागी घसरत असतील तर रूळ बघा.

हे सगळं बिनचूक चालल्याशिवाय खडी टाकू नका. खडी बसली की रूळ हलवणं फार जिकिरीचं.

नवाप्रवासी

वाचून ठेवलंय सगळं, कागदावरचा प्लॅन आज रात्रीच सुरू करतोय, मुलांनी चिठ्ठ्या करायला घेतल्या पण. शेवटचा प्रश्न, खडीचा गोंद सांध्यात जाऊन सांधा चिकटून बसतो असं वाचलं, ते कसं टाळायचं?

छोटीलाईन

सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांमध्ये आणि त्या पात्यांना हलवणाऱ्या पुढच्या आडव्या पट्टीपाशी खडी टाकायचीच नाही, तिथे कॉर्कलाच खडीचा रंग देऊन ठेवा, लांबून ओळखू येत नाही. बाकी ठिकाणी खडी कोरडी टाका, मऊ ब्रशने स्लीपरच्या मध्ये सारा, स्लीपरवर आणि रुळाच्या आतल्या कडेला एक कणही राहू देऊ नका कारण गोंद वाळल्यावर तो कण चाक उचलतो. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बारीक फवारा मारा, खडी नीट भिजली पाहिजे, कोरड्या खडीवर गोंद गोळा होऊन बसतो आणि खाली जात नाही. मग पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं करून ड्रॉपरने स्लीपरच्या मध्ये सोडा. सांध्याजवळ आलात की दोन स्लीपर आधीच थांबा, कारण ओल्या खडीतून गोंद स्वतःहून पुढे सरकतो. सांधा दर काही मिनिटांनी हाताने इकडून तिकडे हलवत राहा, वाळेपर्यंत. रुळाचा माथा लगेच ओल्या फडक्याने पुसा, आणि दुसऱ्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सँडपेपर नको, ओरखडे पडतात आणि त्यात पुढे काळं साचत राहतं.

बोर्ड उभा राहिला की फोटो टाका, सायडिंगच्या लांब्या एकदा एकत्र बसून तपासू, सांधे चिकटवायच्या आधी.